जुनाट दुखण्याच्या उपचाराला जाण्यापूर्वी : आपल्या समजुती तपासण्याची रीत

कंबर, मान, गुडघा किंवा खांदा तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिला, तर त्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे ती दुसऱ्या आजाराची शेपटी नसून स्वतःच एक आजार असू शकते.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातील एका कारखान्यात हिशेब लिहिते. २०१६ च्या पावसाळ्यात माझी कंबर धरली आणि पुढची चार वर्षे मी उपचार बदलत राहिले. हाडांचे दोन डॉक्टर, एक हाडवैद्य, तेलमालिश, कमरेचा पट्टा आणि दोन वेळा ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) असे सगळे झाले. नंतर एकदा जुनी फाईल चाळताना ध्यानात आले की, उपचार बदलले तरी मनातली समजूत पहिल्या दिवशी होती तीच राहिली होती : मणका झिजला आहे आणि वाकले की तो आणखी झिजणार. त्यामुळे व्यायाम सांगितला तर मी निम्मा केला, विश्रांती सांगितली तर दुप्पट घेतली आणि गोळ्या सुरू केल्या तर थोडे बरे वाटताच परस्पर बंद केल्या. उपचार चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्यातला एकही मी दिला तसा घेतलाच नव्हता.

हे वाचून 'म्हणजे दुखणे मनाचेच' असा अर्थ कोणी काढू नये. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत, रुग्ण दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असे स्पष्ट नोंदवले आहे. दुखणे खरेच असते. समजूत ठरवते ते एवढेच की, त्या दुखण्याचे आपण पुढे काय करतो.

१. आधी धोक्याची लक्षणे वगळा

पुढील सर्व पायऱ्या, तातडीचे काही नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यानंतरच्या आहेत. कंबर किंवा पाठ दुखत असताना खालीलपैकी काहीही असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

- लघवी अडकणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरता येणे. यात त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.
- पायातली ताकद कमी होत जाणे.
- ताप, रात्रीचा घाम, कारण नसताना वजन उतरणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही, हे विसरू नये.
- पूर्वी कर्करोग झालेला असणे, किंवा पडल्यावर, अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.

२. आपली समजूत कागदावर उतरवा

ही पायरी सोडून पुढे जाण्याचा मोह होतो, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि म्हणून ती उपचारासारखी वाटत नाही. एक वही घ्या आणि पुढील चार वाक्ये, कोणी वाचणार नाही असे समजून, पूर्ण करा.

'मला दुखते, कारण…'
'दुखू लागले म्हणजे माझ्या शरीरात…'
'मी … केले तर आणखी बिघडेल.'
'मी तेव्हाच बरी / बरा होईन, जेव्हा…'

माझी उत्तरे अनुक्रमे अशी होती : मणक्यात गॅप आला आहे; आत काहीतरी फाटते; वाकले, ओझे उचलले किंवा गाडीवरून खड्ड्यातून गेले तर बिघडेल; आणि कोणीतरी नेमकी जागा शोधून ती बसवील तेव्हा मी बरी होईन. यातले पहिले वाक्य माझे नव्हतेच. 'वैनी, गॅप आलाय म्हटल्यावर आता वाकायचं नाही बघा,' असे शेजारच्या काकांनी सांगितले होते आणि ते मी तपासणीच्या निष्कर्षासारखे जपून ठेवले होते.

अशा समजुती मोजण्यासाठी संशोधकांनी प्रश्नावल्या केल्या आहेत. मार्क जेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि नंतर वाढवलेली प्रश्नावली सात गोष्टी विचारते. वेदनेवर माझा काही ताबा आहे का? वेदनेने मी निकामी झालो आहे का? दुखणे म्हणजे इजा, म्हणून हालचाल टाळावी का? मनःस्थितीचा दुखण्याशी संबंध आहे का? गोळी हाच योग्य इलाज आहे का? मला दुखत असताना इतरांनी माझी अधिक काळजी घ्यावी का? आणि वैद्यकाकडे माझ्या दुखण्याचा कायमचा इलाज असतोच का? स्वतःची चार वाक्ये या सात प्रश्नांशेजारी ठेवून पाहा. कोठे जोर आहे ते लगेच दिसते. माझा सगळा भार तिसऱ्या आणि सातव्या प्रश्नावर होता.

या तिसऱ्या समजुतीवर थोडे थांबावे लागेल, कारण सर्वाधिक नुकसान तीच करते. आमच्या गल्लीतला तालमीत जाणारा मुलगा सकाळी जिना उतरताना कण्हतो आणि 'अंग आंबलंय' असे खुशीत सांगतो. मेहनत लागू पडली, असा त्याच्या लेखी त्याचा अर्थ. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्यांत तशीच कळ आली तेव्हा मी आठवडाभर अंथरूण धरले, कारण माझ्या लेखी ती इजा होती. संवेदना बहुधा एकाच जातीची, पण तिचा अर्थ वेगळा लावला आणि पुढचा आठवडा वेगळा गेला. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली मांडणी केलेले भीती-टाळण्याचे चक्र हेच आहे : दुखण्याचा भयंकर अर्थ लागला की भीती वाटते, भीतीने हालचाल टळते, न हालल्याने स्नायू आणि उमेद दोन्ही खचतात, आणि मग थोड्या श्रमानेही अधिक दुखते.

दुखणे आहे पण इजा नाही, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल. कोल्हापूरकरांना तो पंचगंगेवरून समजावा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि त्यानंतर नदीकाठच्या किती घरांत ३२-३३ फुटांनाच सामान माळ्यावर चढू लागले, हे आपण पाहिले आहे. ते गैर नव्हते, पण नदी त्या दिवशी इशारा पातळीच्याही खालीच होती. दीर्घकाळ वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेतही असाच इशाऱ्याचा आकडा खाली येतो. मज्जारज्जूतील हा बदल क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवला. मग साधे वाकणे किंवा खुर्चीत तासभर बसणेही धोक्याच्या घंटेइतके दुखते. घंटा खरीच वाजते. तिच्यावरून पाणी किती चढले ते मात्र कळत नाही.

सापळा : समजूत सापडली की स्वतःला दोष देऊ नका. बहुतेक समजुती आपल्याला कोणीतरी दिलेल्या असतात, पुष्कळदा एखाद्या डॉक्टरांनी घाईत उच्चारलेल्या एका शब्दाने.

३. जमवायचे कागद आणि वस्तू

- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने केसपेपर. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्याने तेथे अस्थिरोग विभागही मिळतो. मात्र सकाळी लवकर जावे.
- एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, तसेच त्यांचे लेखी अहवाल, तारखेच्या क्रमाने.
- आजवर घेतलेल्या सर्व औषधांची यादी : नाव, किती दिवस घेतले, काय फरक पडला, का सोडले. 'का सोडले' हा रकाना टाळू नका. समजूत तेथेच सापडते.
- दोन आठवड्यांची दुखण्याची नोंद (तिची रीत सहाव्या पायरीत आहे).
- मोबाईलमधला टायमर आणि एक साधी शाळकरी वही.

जनआरोग्य योजनेतून खर्च भागेल असे धरून निघू नका. ती प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. जुनाट दुखण्याचे बरेचसे काम घरी आणि बाह्यरुग्ण विभागात चालते.

४. एमआरआयचा अहवाल वाचण्याची तयारी

अहवाल हाती पडला की आपण तो रिक्षात बसल्या बसल्याच वाचतो. चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगली आहे, झीज आहे, पाण्याचा अंश कमी झाला आहे, असे शब्द दिसतात आणि घरी पोचेपर्यंत आपण निम्मे अपंग झालेलो असतो. म्हणून अहवाल उघडण्यापूर्वी पुढील आकडे वहीत लिहून ठेवावेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झीज आढळली आणि ऐंशीतल्यांमध्ये ९६ टक्क्यांच्या. फुगलेली चकती विशीतल्या ३० टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत होती. यातल्या कोणालाही दुखत नव्हते, हे पुन्हा सांगते.

अहवाल खोटा असतो असा याचा अर्थ नाही. नस खरोखर दबली असेल, पायात त्याच नसेच्या वाटेने कळ उतरत असेल आणि डॉक्टरांच्या तपासणीशी चित्र जुळत असेल, तर त्या चित्राला वजन आहे. पण चाळिशीनंतरच्या मणक्याचे चित्र कोऱ्या पाटीसारखे येत नाही. केस पांढरे झाल्याची नोंद कोणी अहवालात करत नाही, मणक्याची करतात, एवढाच पुष्कळदा फरक असतो.

सापळा : अहवालाचा फोटो नातेवाइकांच्या गटावर टाकू नका. मी टाकला होता. संध्याकाळपर्यंत मला तीन शस्त्रक्रिया, एक बस्ती आणि एक नवस सुचवला गेला.

५. डॉक्टरांसमोर समजूत बोलून दाखवा

बाह्यरुग्ण विभागात आपल्या वाट्याला थोडी मिनिटे येतात आणि ती आपण 'कुठे दुखते' हे सांगण्यात घालवतो. ते सांगायचेच, पण शेवटचे मिनिट राखून ठेवून भीती थेट शब्दांत विचारायची : 'डॉक्टर, वाकल्यावर माझी गादी सरकेल असे मला वाटते. माझ्या बाबतीत हे खरे आहे का?' यापुढे आणखी तीन प्रश्न पुरतात. कोणती हालचाल मी खरोखर टाळायची आणि किती दिवस? दुखले तरी चालेल, अशी हालचाल कोणती? आणि या उपचाराने किती आठवड्यांत, दुखण्यात नव्हे तर कामात, काय फरक दिसला पाहिजे? उत्तरे त्यांच्यासमोरच लिहून घ्या. काही डॉक्टरांना हे आवडत नाही, तरी लिहा.

फिजिओथेरपिस्टकडे मात्र वेळ असतो आणि समजूत तपासण्याची खरी जागा तीच. मला भेटलेल्या बाईंनी व्यायामाच्या आधी माझ्याकडून भीतीची उतरंड लिहून घेतली : सर्वांत कमी भीतीचे काम खाली, सर्वांत जास्त भीतीचे वर. माझ्या उतरंडीत तळाला चपलेचा पट्टा लावणे होते, मधे खाली बसून रांगोळी काढणे होते आणि शेंड्यावर पाण्याने भरलेली कळशी उचलणे. प्रत्येक काम करण्यापूर्वी 'काय होईल' ते लिहायचे, मग काम करायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'काय झाले' ते शेजारी लिहायचे. रांगोळीपुढे मी लिहिले होते, 'उठता येणार नाही, दोन दिवस झोपून.' दुसऱ्या सकाळी लिहिले, 'उठताना चमक आली, दहा मिनिटांत गेली, ऑफिसला गेले.' असे पंधरा-वीस अंदाज चुकल्यावर समजुतीशी वाद घालावा लागला नाही. वाकल्याने काही होत नाही, असे मला आधी चौघांनी सांगितले होते. तेव्हा मी फक्त मान डोलावली होती.

सापळा : ही उतरंड एकट्याने, शेंड्यापासून सुरू करू नका. कळशीने सुरुवात केली आणि दुखले, तर जुनी समजूत दुप्पट बळकट होते.

६. हालचाल घड्याळाने मोजा, दुखण्याने नाही

बरे वाटले त्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि मग तीन दिवस आडवे पडायचे, हे चक्र बहुतेकांना ओळखीचे असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते घरोघर दिसते. वेदनेच्या उपचारात वर्तनाचा विचार आणणारे विल्बर्ट फोर्डाइस १९७० च्या दशकापासून सांगत आले की, काम दुखेपर्यंत न करता ठरलेल्या मोजमापापर्यंत करावे. नाहीतर थांबायचे कधी हे दुखणेच ठरवू लागते.

रीत सोपी आहे. सलग तीन दिवस, फार दुखू न देता किती मिनिटे चालता येते ते मोजा, सरासरी काढा आणि तिच्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी अशी सुरुवात करा. माझी सरासरी १० मिनिटे होती, म्हणून रंकाळा तलावाच्या काठी मी ८ मिनिटांनी सुरुवात केली. टायमर वाजला की थांबायचे, बरे वाटत असले तरी. आणि वाजेपर्यंत चालायचे, थोडे दुखत असले तरी. दर आठवड्याला एखादे मिनिट वाढवायचे. चौपाटीवर भेळ खायला आलेली माणसे आपल्याला ओलांडून जातात तेव्हा अपमान वाटतो, हे मान्य. पण नव्या मुलाला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला कोणता वस्ताद सांगतो?

नोंदवहीत तीनच रकाने ठेवा : काय केले, किती मिनिटे, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो का. दर तासाला ० ते १० मध्ये दुखणे मोजण्याचा नाद लागतो. तो लावून घेऊ नका, कारण सारखे चाचपले की लक्ष तेथेच राहते. दिवसातून एकदा पुरे.

पूर्ण विश्रांतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे नव्याने कंबर धरलेल्या नोकरदारांवर चाचणी झाली. दोन दिवस अंथरुणात राहिलेल्या आणि ठरावीक व्यायाम केलेल्या गटांपेक्षा, झेपेल तशी रोजची कामे चालू ठेवणारा गट लवकर सावरला. नव्या दुखण्यातही अंथरूण उपयोगी पडले नाही, तर चार वर्षांच्या जुन्या दुखण्यात त्याची काय मातब्बरी?

७. गोळ्यांविषयीच्या दोन टोकांच्या समजुती

एक टोक म्हणजे गोळीवाचून गत्यंतर नाही असे मानणे. मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक महिनोन्महिने घेतल्यास जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रास होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे पुडीत बांधलेली नाव नसलेली पावडर, जिने दोन दिवसांत चमत्कार होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते.

दुसरे टोक माझे. मला अमिट्रिप्टिलिन दिली गेली, मी मोबाईलवर शोधले, 'नैराश्याचे औषध' असे वाचले आणि मला वेडी ठरवले म्हणून रडले. प्रत्यक्षात ही गोळी कमी मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दीर्घकाळ वापरली जाते. तसेच फिटसाठी वापरले जाणारे प्रिगॅबालिनही. हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगितले असते तर माझे सहा महिने वाचले असते, पण तुम्ही ते विचारू शकता : 'ही गोळी मूळ कशासाठी, मला कशासाठी, आणि सोडताना कशी सोडायची?' शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण यातील काही औषधे एकदम थांबवली तर त्रास होतो.

८. घरच्यांना काय सांगावे

माझ्या सासूबाईंनी प्रेमापोटी माझ्या हातातून केरसुणी काढून घेतली, ती तीन वर्षे परत दिली नाही. 'सूनबाई, तू बस,' हे ऐकायला गोड असते, आणि बसून बसून आपण निकामी झालो आहोत ही समजूत घट्ट होते. याच्या उलट 'सगळे नाटक आहे' म्हणणारे घर असेल, तर माणूस दुखणे सिद्ध करण्यात आपली शक्ती घालवतो. दोन्ही घरांना एकच विनंती करता येते : दुखते का, असे दिवसातून दहादा विचारू नका, आज काय काय केलेस, असे विचारा. सासूबाईंना मी फिजिओथेरपिस्टकडे एकदा बरोबर नेले. माझ्या समजावण्याने जे झाले नाही, ते तेथल्या अर्ध्या तासात झाले.

समजुती घराबाहेरही बदलता येतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून दूरचित्रवाणीवर, कंबर दुखली तरी हालत राहा आणि कामावर जा, अशी मोहीम चालवली गेली. तेव्हा लोकांच्या समजुती तर सुधारल्याच, डॉक्टरांच्याही सुधारल्या.

९. दुखणे उसळेल त्या दिवसाचा कागद

ते उसळणारच; सहा महिने चांगले गेले तरी एखाद्या सकाळी कंबर पुन्हा धरते आणि त्या क्षणी सर्व जुन्या समजुती एकदम परत येतात. त्या अवस्थेत विचार करता येत नाही, म्हणून कागद आधीच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. माझ्या कागदावर असे आहे :

- पहिल्या पायरीतली लक्षणे आहेत का? असल्यास डॉक्टर. नसल्यास पुढची ओळ वाच.
- मागच्या तीन वेळा किती दिवसांत उतरले : ५, ९, ४.
- चालणे बंद नाही; निम्मी मिनिटे, दोन वेळा.
- शेक चालेल. पट्टा दोन दिवसांपेक्षा जास्त नाही.
- नवा एमआरआय नाही, नवा डॉक्टर नाही, दहा दिवसांपर्यंत.
- शेजारच्या काकांना सांगू नये.